दहापेक्षा आठ मोठे: मुलांसाठी दुर्बीण निवडताना

नोव्हेंबर लागला की नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर बदकं उतरू लागतात आणि नाशिकमधल्या पक्षीवेड्या पोरांचे आईबाप दुर्बीण शोधू लागतात. दुकानदार म्हणतो, दहा पट घ्या. ऑनलाइन बघावं तर त्याच किमतीत वीस पट, तीस पट, कुठे कुठे तर शंभर पटसुद्धा! मग आठ पट घेणारा माणूस अडाणीच ठरतो. आंबा घेताना मोठा निवडावा तशी दुर्बीण निवडली जाते, आणि दोन रविवारनंतर ती कपाटावर जाते. 'पोराचा उत्साह संपला' असं घरातले म्हणतात. बहुतेक वेळा उत्साह शाबूत असतो. त्याला त्या दुर्बिणीतून काही दिसलेलंच नसतं.

गोंधळात आणखी भर पडते ती नेटवरच्या सल्ल्यांची. तिथलं बरंच लिखाण परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी असतं. एका टेकडीवर बैठक मारायची, गुडघ्यांवर कोपरं टेकवायची आणि समोरच्या डोंगरउतारावर हरिण हेरत तासन् तास बसायचं, अशा कामाला दहा किंवा बारा पट ठीक. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे इथला तरुण 'शिकारी' म्हणजे वही-पेन घेऊन पक्षी टिपणारा. तो चालतो, थांबतो, झुडपातून भुर्रकन उडालेल्या चिमुकल्या जिवामागे दुर्बीण फिरवतो. भिंगांचं गणित दोघांना एकच लागू होतं, पण उत्तर वेगळं येतं.

आकड्यांपासून सुरुवात करू. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. ते वाचायचं 'आठ बाय बेचाळीस'. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पटीचा अर्थ मुलाला सांगायचा तर भागाकाराने सांगा. नांदूर मधमेश्वरच्या काठावरच्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून २४० मीटरवर तलवार बदक बसलंय असं धरू. सहा पट दुर्बिणीतून ते ४० मीटरवर बसल्यासारखं दिसेल, आठ पटीतून ३० मीटरवर, दहा पटीतून २४ मीटरवर. म्हणजे आठवरून दहावर जाऊन मिळवलं काय, तर सहा मीटर. त्या सहा मीटरांची किंमत चार ठिकाणी मोजावी लागते, आणि मुलांच्या बाबतीत ती जास्तच लागते.

पहिली किंमत हाताची. दुर्बीण बदक मोठं करते तशी हाताची थरथरही मोठी करते, अगदी तेवढ्याच पटीने. दहा पटीतली थरथर आठ पटीपेक्षा सव्वापट आणि सहा पटीपेक्षा पावणेदोन पटीच्या आसपास. मोठ्या माणसाचे खांदे-मनगटं पाऊण किलोची वस्तू मिनिटभर बऱ्यापैकी स्थिर धरतात. नऊ वर्षांच्या मुलीचे हात पंधरा-वीस सेकंदांत थकतात, मग चित्र नाचू लागतं. नाचणाऱ्या मोठ्या चित्रापेक्षा स्थिर असलेलं लहान चित्र जास्त तपशील दाखवतं. थापट्या बदकाची चमच्यासारखी रुंद चोच सहा पटीतही ओळखू येते, पण चित्र स्थिर असेल तरच.

दुसरी किंमत दृश्यक्षेत्राची, म्हणजे एका वेळी किती रुंद देखावा दिसतो त्याची. हे दुर्बिणीच्या अंगावर अंशांत लिहिलेलं असतं, नाहीतर '१००० मीटरवर इतके मीटर' असं. एक अंश म्हणजे हजार मीटरवर साधारण साडेसतरा मीटर, एवढं लक्षात ठेवलं की दोन्ही प्रकारचे आकडे ताडून बघता येतात. चांगल्या ८×४२ मध्ये ८ अंशांच्या आसपास, म्हणजे १४० मीटर. १०×४२ मध्ये बहुधा ६ ते ६.५ अंश, म्हणजे १०५ ते ११४ मीटर. रुंदीतला फरक थोडका वाटतो, पण देखावा गोल असतो, त्यामुळे क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त बदलतं. मुलाची खरी अडचण 'पक्षी लहान दिसतो' ही कधीच नसते. 'पक्षी सापडतच नाही' ही असते. बाबा म्हणतात, 'अरे ते बघ, बाभळीच्या उजव्या फांदीवर', आणि पोरगं आकाश, पाणी, परत आकाश असं फिरत राहतं. तेवढ्यात पक्षी गेलेला असतो.

इथे एक प्रामाणिक नोंद करायला हवी. पट कमी केली की देखावा आपोआप रुंद होतोच असं नाही. ६×३० च्या कित्येक दुर्बिणींत तो ८ ते ८.५ अंशच असतो, म्हणजे चांगल्या आठ पटीच्या जेमतेम पुढे. तिथे फायदा रुंदीचा कमी आणि स्थिरतेचा व वजनाचा जास्त.

तिसरी किंमत उजेडाची. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्याला लावायच्या भिंगातून, म्हणजे नेत्रभिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. इंग्रजीत त्याला एक्झिट प्यूपिल म्हणतात. ८×४२ मध्ये ती ५.२ मिमी, ६×३० मध्ये ५, १०×४२ मध्ये ४.२, ८×३२ मध्ये ४, ८×२५ मध्ये ३.१ आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये फक्त २.५. आपल्या बुबुळाची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिमी असते, त्यामुळे दुपारी बारा वाजता यातली कुठलीही दुर्बीण उजळच वाटणार. पण निफाडच्या थंडीत, जानेवारीतल्या सकाळी, पाण्यावर धुकं आणि सूर्य अजून वर यायचाय, अशा वेळी मुलाची बाहुली पाच मिमीच्या पुढे उघडलेली असते. तिथे अडीच मिमीचा झोत म्हणजे चित्र मंद आणि करडं. पक्षी बघायची खरी वेळही नेमकी तीच.

या झोताचा दुसरा उपयोग दुकानात कुणी सांगत नाही, आणि मुलांसाठी तोच जास्त महत्त्वाचा आहे. झोत जाड असेल तर डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी चित्र जात नाही. बारीक असेल तर डोळा हलला की कडेने काळ्या सावल्या धावून येतात. लहान मुलांचा डोळा नेत्रभिंगावर कधीच एका जागी टिकत नाही. म्हणून खिशातली १०×२५, जी 'लहान आहे म्हणजे लहान मुलांसाठी' म्हणून घेतली जाते, ती प्रत्यक्षात मुलांच्या हातात सगळ्यात अवघड. ती सरावलेल्या माणसाने प्रवासात वापरायची वस्तू आहे.

चौथी किंमत ऊन तापल्यावर कळते. फेब्रुवारीनंतर दहा-साडेदहापासून पाण्यावर आणि माळावर हवा थरथरू लागते. दुर्बीण ती थरथरही मोठी करून दाखवते. दूरवरचे रोहित (फ्लेमिंगो) उकळत्या पाण्यामागे उभे असल्यासारखे लहरतात. अशा वेळी बारा पट असो की वीस, तपशील वाढत नाही, लहरीच वाढतात.

पटीच्या आधी डोळ्यांमधलं अंतर

आता जे सांगतोय ते सल्ल्यांच्या यादीत शेवटी येतं, खरं तर ते पहिलं असायला हवं. बहुतेक पूर्ण आकाराच्या दुर्बिणी, बिजागरीवर कितीही मिटवल्या तरी, दोन नेत्रभिंगांमध्ये ५६ मिमीपेक्षा जवळ येत नाहीत. मोठ्या माणसाच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिमीच्या आसपास, त्यामुळे त्याला अडचण जाणवत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांमध्ये ते साधारण ५२ ते ५५ मिमी असतं. म्हणजे जगातली सर्वोत्तम ८×४२ आणून दिली तरी त्या मुलाला एका वेळी एकाच डोळ्याने दिसणार. गंमत म्हणजे मूल तक्रार करत नाही. दुर्बीण अशीच असते असं समजून ते एक डोळा मिटतं आणि बघतं. एक डोळा मिटून बघणारं मूल दिसलं की समजायचं, मापात गडबड आहे.

माप घरी घेता येतं. मुलाला दूरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगा. शाळेची पारदर्शक पट्टी डोळ्यांच्या जरा खाली आडवी धरा. उजव्या बाहुलीच्या डाव्या कडेपासून डाव्या बाहुलीच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. मधोमध ते मधोमध मोजायला गेलं की चूक होते. तीनदा मोजून मधला आकडा धरा. मग दुर्बिणीच्या माहितीपत्रकात 'इंटरप्युपिलरी डिस्टन्स' शोधा. तिथला लहान आकडा तुमच्या मापाएवढा किंवा त्याहून कमी हवा. ५० मिमीपर्यंत मिटणाऱ्या ६×३०, ६.५×३२ अशा काही दुर्बिणी मिळतात. दोन बिजागऱ्यांच्या घडीच्या ८×२५ सुद्धा बऱ्यापैकी जवळ येतात.

दुकानात तपासायला आणखी सोपं. बिजागरी पूर्ण मिटवून मुलाच्या हातात द्या आणि काय आकार दिसतो ते विचारा. एक गोल दिसला तर जमलं. दोन गोल एकमेकांवर चढलेले, आडव्या आठच्या आकड्यासारखे दिसले तर दुर्बीण त्याच्यासाठी रुंद आहे. सिनेमात दुर्बिणीतलं दृश्य त्या आठच्या आकाराचंच दाखवतात, त्यामुळे पोरं ते बरोबर मानतात.

चष्मा असेल तर अजून एक आकडा बघायचा: आय रिलीफ, म्हणजे नेत्रभिंगापासून किती लांब डोळा ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते. चष्म्यासाठी १५ मिमी तरी हवा. चष्मा लावून बघताना आयकप, म्हणजे नेत्रभिंगाभोवतीच्या कड्या, आत फिरवायचे किंवा रबर दुमडायचं, बिनचष्म्याने बघताना बाहेर काढायचे. हे उलटं झालं की चष्मेवाल्याला किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं.

मग घ्यायची कोणती?

पाच ते सात वर्षांच्या मुलाला चार ते सहा पट पुरे, आणि वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. आठ ते अकरा या वयाला आमच्या मते ६×३० किंवा ६.५×३२ ला तोड नाही. डोळ्यांचं अंतर बसत असेल आणि वजन पाचशे ग्रॅमच्या आत असेल तर ८×३० किंवा ८×३२ चालेल. बारा-तेराच्या पुढे ८×३२ किंवा ८×४२. यातली ८×४२ साडेसहाशे ते आठशे ग्रॅम भरते, ती गळ्यात घेऊन तीन तास चालायची आहे हे विसरू नका. दहा पट सोळा वर्षांच्या आत क्वचितच शोभते.

ठिकाणाप्रमाणे मत थोडं बदलतं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात त्या नांदूर मधमेश्वरला, महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर स्थळी, बदकं बऱ्याचदा शंभर ते तीनशे मीटरवर असतात. तिथे आठ पट उत्तम, आणि मनोऱ्याचा कठडा टेकायला असतोच. जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, शेकाट्या तर काठाजवळ फिरतात, त्यांना सहा पटही पुरते. त्याहून दूरचं बघायचं तर ते तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपचं, म्हणजे एका नळीच्या मोठ्या दुर्बिणीचं काम. सोबतच्या मार्गदर्शकाकडे स्कोप असेल तर त्यातून बघू द्या, पण त्यासाठी मुलाच्या गळ्यात बारा पट अडकवू नका. पांडवलेणीच्या झुडपांत पक्षी दहा-पंधरा मीटरवर असतात आणि क्षणभर थांबतात. तिथे कमी पट आणि रुंद देखावा जिंकतो, शिवाय दोन-तीन मीटरवरचं फुलपाखरू फोकस होतं का तेही बघावं. अंजनेरीच्या कड्यांवरची लांब चोचीची गिधाडं किंवा येवल्याजवळच्या ममदापूरच्या माळावरची काळवीटं, ही दोन ठिकाणं मात्र दहा पटीची बाजू घेणारी. कडा हलत नाही, काळवीट चरत असतं, आपण दगडाला टेकून बसू शकतो. थोडक्यात, परदेशी शिकाऱ्याची परिस्थिती इथे तयार होते. तरीही डोक्यावर घिरट्या घालणारं गिधाड दहा पटीत पकडून ठेवणं सोळा वर्षांच्या मुलालाही सोपं नाही. आणि घिरट्यांमागे दुर्बीण फिरवताना ती सूर्याकडे जाता कामा नये. दुर्बिणीतून क्षणभर सूर्य बघितला तरी डोळ्याचा पडदा कायमचा भाजू शकतो. मुलाला पहिल्या दिवशी सांगायचा नियम हा. गिधाड उन्हाच्या दिशेला वळलं की दुर्बीण खाली.

दुकानातली पाच मिनिटं

बंद काचेच्या दुकानात दुर्बीण तपासू नका. महात्मा गांधी रोडवर दुकान असेल तर बाहेर पायरीवर या. साठ-सत्तर पावलांवरची एखादी पाटी निवडा आणि मुलाला तिच्यातली सगळ्यात बारीक ओळ वाचायला सांगा. पट किती ते सांगू नका. आधी एक, मग दुसरी द्या. दुर्बीण डोळ्याला लावल्यापासून पाटी सापडायला किती वेळ लागला तो मनात मोजा. पाच सेकंदांच्या आत सापडायला हवी. बहुतेक वेळा मूल जी ओळ आठ पटीतून वाचतं तीच दहा पटीतून वाचतं, फक्त शोधायला दुप्पट वेळ घेतं.

मग दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे करा आणि नेत्रभिंगांकडे बघा. दोन लहान पांढरे गोल दिसतील. हाच तो प्रकाशझोत. गोल पूर्ण वाटोळे असतील तर प्रिझम (नळीतली प्रकाश वळवणारी काच) बरा; कडा कापल्यासारखे चौकोनी झाले असतील तर काच हलकी. पट्टी लावून व्यासही मोजा. ८×४२ म्हणून विकली जाते आणि गोल जेमतेम साडेतीन मिमीचे भरतात, तर आत कुठेतरी प्रकाश अडवलेला आहे आणि तुम्ही बेचाळीसचे पैसे देऊन अठ्ठावीस विकत घेताय.

तिसरी चाचणी दोन नळ्यांच्या जुळणीची. समोरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून तीन-चार इंच मागे घ्या. कडेची रेघ दोन्ही गोलांत एकाच उंचीवर राहायला हवी. एकीकडे वर, एकीकडे खाली अशी तुटली तर ती दुर्बीण परत करा. डोळे काही मिनिटं ओढून ताणून जुळवून घेतात, मग डोकं दुखतं. मुलाला ते सांगता येत नाही, ते फक्त 'कंटाळा आला' म्हणतं.

लाल चमकणारी भिंगं, '१०–३० झूम', 'नाइट व्हिजन' आणि 'फोकस करायची गरजच नाही' या चार गोष्टी दिसल्या की पुढे चला. लाल लेप लाल रंगाचा प्रकाश परतवून लावतो, म्हणून चित्र हिरवट येतं. चक्रवाकाचा नारिंगी रंग त्यात मातीमोल होतो. झूममध्ये दोन्ही नळ्या नेमक्या सारख्या सरकायला हव्यात, आणि स्वस्तात तेवढी अचूकता येत नाही. साध्या दुर्बिणीला रात्री दिसत नाही. आणि फोकस नसलेली दुर्बीण दूरचं दाखवते, जवळचं डोळ्यांवर ढकलते.

बसवणं आणि धरणं

नवी दुर्बीण आणली की एकदा डायॉप्टर लावून घ्या. दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक तिथे भरून निघतो. तीस-चाळीस मीटरवरची बारीक अक्षरं किंवा झाडाची साल निवडा. उजव्या नळीचं पुढचं भिंग तळहाताने झाका. दोन्ही डोळे उघडेच ठेवा, कारण एक मिटला की दुसराही आक्रसतो. मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्वच्छ करा. आता डावी नळी झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नेत्रभिंगाखालची कडी फिरवून उजवं चित्र स्वच्छ करा. ती कडी कुठल्या खुणेवर थांबली तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, कारण शाळेतला मित्र ती फिरवणारच आहे.

धरायची रीत: कोपरं बरगड्यांना टेकलेली, नळ्या शक्य तितक्या पुढून पकडलेल्या. टोपी असेल तर तिचा पुढचा भाग बोटांनी दुर्बिणीसकट दाबून धरा, थरथर लगेच कमी होते. बसून बघताना कोपरं गुडघ्यांवर. आणि सगळ्यात मोठी सवय: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी बघायचा, नजर तिथून हलू द्यायची नाही, आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. दुर्बीण आधी लावून मग पक्षी शोधणारं मूल हरतं. याचा सराव गच्चीवर होतो. तारेवरचा कावळा, समोरच्या टाकीचा नळ, पलीकडच्या अँटेनाचं टोक, अशा दहा वस्तू रोज. आठवडाभरात शोधायचा वेळ निम्म्यावर येतो.

पट्टा आखूड करा, दुर्बीण छातीवर राहायला हवी. पोटावर लोंबकळणारी दुर्बीण प्रत्येक पावलाला आपटते आणि नळ्यांची जुळणी बिघडवते. मानेवर ओझं वाटत असेल तर खांद्यांवरून जाणारा हार्नेस घ्या.

द्राक्षबागांमधल्या कच्च्या रस्त्यांची धूळ भिंगावर बसली की शर्टाच्या टोकाने पुसू नका. धुळीतले कण लेपावर ओरखडे काढतात. आधी ब्लोअरने फुंकर मारा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी चष्म्याचं मायक्रोफायबर कापड. जूनमध्ये हवा ओली झाली की दुर्बीण चामड्याच्या किंवा कापडी केसमधून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या महिन्या-दीड महिन्याने बदला. दर पंधरा दिवसांनी डबा उघडून पुढच्या भिंगातून आत टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. सुरुवातीलाच दुरुस्तीला दिली तर पुसून निघते, पावसाळाभर राहिली तर काचेवरचा लेप खाऊन टाकते.